मुंबई कोणत्या हाताला

१२ सप्टेंबर १९८३

ही डायरी महेबूबने दिली. त्याच्या मेहुण्याच्या दुकानात पडून होती, वर्षाचे आठ महिने उलटून गेलेली. म्हणाला, "चंदरभाई, पुढची पानं कोरी, मागची पण कोरी. कुठूनही सुरू करा." आम्ही दोघं मनमाडच्या यार्डात एका टेबलावर बसतो. मालगाडी लागली की तो रुळांवरून चालत डब्यांचे नंबर घेऊन येतो आणि कोणता डबा कुणाच्या मागे जोडायचा त्याचा क्रम मी लावतो. या कामाला डोकं लागतं असं मी घरी सांगतो.

आज लिहायला घेतलं ते झुंबरमुळे. माझी बायको एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात हिशेब खात्यात कारकून आहे. काल जेवताना म्हणाली, मुंबईला एका संस्थेत दोन वर्षांचा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम असतो, त्याची डिसेंबरात प्रवेश परीक्षा आहे आणि मला बसायचंय. निवड झाली तर तिथेच वसतिगृहात राहावं लागतं. तिच्या ऑफिसात असा कोर्स करून आलेला एक साहेब आहे, तिच्याहून वयाने लहान. तिने तयार केलेलं टिपण तो सही करून स्वतःचं म्हणून वर पाठवतो.

मी म्हणालो, "बस की." आपल्या ओळखीत असल्या परीक्षेला कुणी बसलेलं नाही, तेव्हा पास होण्याचा प्रश्न येत नाही, असा माझा हिशेब. आणि हो म्हटलं की तिचा चेहरा असा काही उजळतो की ते बघायला माणूस कशालाही हो म्हणेल.

आईला पटलं नाही. "दोन वर्सं? अन् लेकराचं कवा बघायचं?" असं म्हणून ती भांडी आपटत राहिली. मग तासाभराने तीच म्हणाली, "शिकंल तर शिकू दे. मी हाय ना भाकरी थापायला." धोंडाबाईचं मत कोणत्या वळणावर रूळ बदलेल ते मला तिच्या पोटी जन्माला येऊनही कळत नाही.

१९ सप्टेंबर

परीक्षेच्या तयारीचं पुस्तक आलं. इंग्रजी आणि गणित तिला जमतं. अडलीय ती शेवटच्या भागात. तिथे नुसती कोडी आहेत. सहा जण एका बाकावर बसलेत, ए आणि बी शेजारी नकोत, सी टोकाला नको, डी हा ईच्या लगेच डावीकडे हवा, तर दुसरा कोण? झुंबर पेन्सिल चावत बसली होती. म्हणाली, "हे लोक कुठेही बसले तर यांचं काय जातं?"

मी वाचलं आणि मला हसू आलं. हे तर माझं रोजचं काम. पेट्रोलची टाकी इंजिनाला लागून नको, मध्ये आडोशाचे डबे हवेत, गुरांचा डबा अमुक ठिकाणी, दौंडकडे जाणारे डबे एकत्र. मी यार्डातला खडू आणला आणि फरशीवर रांग काढून दाखवली. ए, बी, सी म्हणजे डबे समज म्हटलं. ती बघत राहिली. लग्नाला चार वर्षं झाली, पण तिने माझ्याकडे असं बघितल्याचं मला आठवत नाही.

२ ऑक्टोबर

सुट्टी. आज सगळ्या कोड्यांची वर्गवारी केली. काही रांगेची असतात. काही गोलाची, टेबलाभोवती बसलेल्या माणसांची. काहींत वाटप असतं, म्हणजे सात जणांचे दोन गट पाडा, पण हा त्या गटात असेल तर तो नको. आणि काहींत जुळणी असते, कोण कोणत्या गावचा आणि काय काम करतो. प्रत्येकाची आकृती वेगळी. रांगेला घरं, गोलाला चाक, वाटपाला दोन सुपं, जुळणीला चौकटी. झुंबर म्हणाली, आधी प्रकार ओळखायचा आणि मग खडू उचलायचा, हा नियम. हा नियम तिचा.

रांगेच्या कोड्यांत तिची डावी-उजवी फार घसरते. म्हणून मी तिला यार्डाची युक्ती सांगितली. आम्ही रेल्वेवाले डावं-उजवं म्हणतच नाही. मुंबईकडची बाजू ती अप, भुसावळकडची ती डाऊन. म्हटलं, डावीकडे असं वाचलंस की अप समज, उजवीकडे म्हणजे डाऊन. मग गाडी जोडत जा. तिने घोकून टाकलं. आई अंगणात आल्यागेल्याला सांगत होती, आमच्या घरात आगगाडी शिरली हाय.

९ ऑक्टोबर

लिहिण्यासारखं काही घडलं नाही, तरी लिहितो. एरवी मी मनमाडहून नाशिक रोडला घरी येईपर्यंत झुंबर एकलहऱ्याची बस धरून आलेली असते आणि आम्ही दोघंही थकून जेवतो आणि झोपतो. आता जेवणं झाली की ती फरशी पुसते, मी खडू काढतो आणि आम्ही समोरासमोर मांडी घालून बसतो. मधे ती काढलेली रांग. तिच्या कपाळावर केस येतात, हाताला खडू असतो म्हणून ती ते मनगटाने मागे सारते. मी कोडं वाचून दाखवतो आणि वाचता वाचता ओळ चुकतो.

महेबूबला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे परीक्षा तुमची चाललीय." त्याला चेष्टेशिवाय काही सुचत नाही.

२३ ऑक्टोबर

काहीतरी बिनसलंय. गोलाची बरोबर, वाटपाची बरोबर, जुळणीची माझ्यापेक्षाही झटपट. रांगेची मात्र निम्मी चुकतात. आणि चुकतात तीही विचित्र. मधला कोण विचारलं की बरोबर. कुणाच्या शेजारी कोण विचारलं तरी बरोबर. डाव्या टोकाला कोण विचारलं की चूक. समोर बसून मी आकृती बघतो, आकृती अगदी बिनचूक असते. तरी ती उत्तर देते ते भलत्याच टोकाचं.

मी जरा चिडून म्हणालो, "समोर दिसतंय ते वाचता येत नाही का?" ती खडू खाली ठेवून पाणी प्यायला गेली. मी असं बोलायला नको होतं.

७ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीत तिने पुस्तकातली रांगेची सगळी कोडी पुन्हा केली आणि पुन्हा तितकीच चुकली. आज म्हणाली, "बाकी सगळं जमतं हो. मग एवढं साधं का जमत नाही? लहान पोरांना डावं-उजवं कळतं." मी धीर दिला. धीर देताना मला बरं वाटत होतं, हे इथे लिहून ठेवतो. कुणाला धीर द्यायला कोणाला आवडत नाही?

१३ नोव्हेंबर, रविवार

आज कळलं.

झुंबर आणि आई बाजारात गेल्या होत्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा घेत उभा होतो. आमच्या खिडकीतून रूळ दिसतात. मुंबईला जाणारी गाडी आली आणि उजवीकडे निघून गेली. मी कपातला चहा तसाच ठेवला.

मनमाडला माझ्या खुर्चीतून बघितलं की मुंबई डाव्या हाताला. म्हणून माझ्या डोक्यात डावं म्हणजे अप. झुंबर गाड्या बघते ते या खिडकीतून, भाकरी करताना. तिची मुंबई उजव्या हाताला. ती कोड्यात डावीकडे असं वाचते, मी शिकवल्याप्रमाणे अप म्हणते आणि अपची बाजू काढते आपल्या उजव्या हाताला, खिडकीतल्यासारखी. मग उत्तर मात्र चित्रात डोळ्यांनी बघून देते. झालं उलटं. मधला तो मधलाच राहतो, टोकं तेवढी फिरतात.

आणि मला ते दिसलं नाही, कारण मी तिच्या समोर बसतो. तिची उजवी ती माझी डावी. फरशीवर कालची रांग पुसायची राहिली होती. मी तिच्या जागेवर जाऊन बसलो आणि बघितलं. सगळी रांग उलटी.

तिची काही चूक नाही. तिचं सगळं बरोबर होतं.

त्या दोघी परत आल्या. आईने मेथीची पिशवी माझ्या हातात दिली. मी झुंबरला सांगणार होतो, पण ती दमून आली होती.

१५ नोव्हेंबर

अजून सांगितलेलं नाही. परीक्षा महिन्यावर आली. आता पद्धत बदलली तर येत असलेलंही जायचं. यार्डातसुद्धा गाडी सुटायच्या तोंडावर कुणी क्रम बदलत नाही. शिवाय रांगेची कोडी ती किती असणार? सावकाश, योग्य वेळ बघून सांगेन.

महेबूबने विचारलं, "भाभी गेल्या मुंबईला तर तुमचं कसं?" मी म्हणालो, "कसं म्हणजे? आई आहे." त्याने आपल्या डब्यातलं वांग्याचं भरीत माझ्या पोळीवर वाढलं.

२० नोव्हेंबर

आज संध्याकाळी झुंबरने पुस्तक ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. म्हणाली, "झालं तेवढं पुष्कळ झालं. नाही माझ्या डोक्यात ते." मी म्हणालो, "बघ, तुझी मर्जी." मग मी चौकात जाऊन गरम जिलबी आणली. आईने दोनदा घेतली. झुंबरनेही खाल्ली. किती दिवसांनी घरात असं शांत वाटलं. मी तिला म्हणालो, पुढच्या महिन्यात गंगापूरच्या धरणावर जाऊन येऊ. ती बरं म्हणाली.

ती इथेच राहणार. हे वाक्य मी लिहिलं आणि पुन्हा एकदा वाचलं.

२७ नोव्हेंबर

जेवणानंतर मी सवयीने खडू काढला आणि परत खिशात ठेवला. झुंबर आईचे पाय चेपत बसली होती. मग रेडिओ लावला. मग झोपली. माझ्याशी सगळं नीट बोलते, विचारलं त्याचं उत्तर देते, डबा वेळेवर भरते.

मला तिची आठवण येते. बायको हाताच्या अंतरावर झोपलेली असताना नवऱ्याने असं लिहावं याचा अर्थ काय ते महेबूबला विचारायची सोय नाही. पण येते. मनगटाने केस मागे सारणारी, "थांबा, सांगू नका" म्हणून माझ्या तोंडावर खडूचा हात ठेवणारी ती बाई कुठे गेली ते मला कळत नाही. मी जिलबी आणली त्या दिवसापासून ती दिसलेली नाही.

७ डिसेंबर

काल आम्ही तिघं दादरला जाऊन आलो. दरवर्षी सहा डिसेंबरला जातो. रांगेत तासन्‌तास उभं राहून चैत्यभूमीवर वंदन करायचं, आणि मग मैदानावर पुस्तकांचे स्टॉल लागतात तिथे हिंडायचं. झुंबर दर वर्षी एक तरी पुस्तक घेतेच. लग्न झालं त्या वर्षी नवी साडी नको म्हणाली होती आणि पुस्तकाची पिशवी पोटाशी धरून आली होती.

काल ती एका स्टॉलसमोर उभी राहिली. एक पुस्तक उचललं, मलपृष्ठ वाचलं, जागेवर ठेवलं. दुसरं उचललं, ठेवलं. स्टॉलवाला म्हणाला, "घ्या ताई, चांगलं आहे." ती म्हणाली, "नको. मला कळणार नाही ते."

हे ती खोटं बोलली नाही. तिला खरंच तसं वाटू लागलंय. मी तिच्या मागे पाण्याची बाटली घेऊन उभा होतो.

परतीच्या गाडीत झुंबरला डुलकी लागली तेव्हा आई हळू आवाजात म्हणाली, "चंद्या, पोरगी लय गप झाली रं. तू काय बोललास का तिला?" मी म्हणालो, "नाही." आई म्हणाली, "मग बोल की काहीतरी."

८ डिसेंबर

कामावरून आलो तेव्हा ती भाकरी करत होती. मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "झुंबर, मुंबई कोणत्या हाताला?"

तिने वर न बघता पिठाचा उजवा हात पुढे केला. "ही काय."

"मनमाडला माझ्या खुर्चीतून ती डाव्या हाताला आहे."

तिने भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं. मग तिचा हात थांबला. तिने खिडकीतून रुळांकडे बघितलं, मग माझ्याकडे. भाकरी करपायला लागली ती आईने येऊन उलटली. झुंबर हात न धुताच बाहेरच्या खोलीत गेली. मी खिशातला खडू पुढे केला. तिने रांग काढली, बघितली, उठून माझ्या बाजूला आली आणि तिथून बघितली.

"म्हणजे मी बरोबर सोडवत होते," ती म्हणाली.

"हो."

"सगळी?"

"सगळी. चूक माझ्या शिकवण्यात होती."

ती हसली. इतकी मनापासून की मला वाटलं, सुटलो. मग तिने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं हे?"

आज कळलं असं म्हणता आलं असतं. शब्द तोंडात तयारही होते. मी म्हणालो, "दिवाळीनंतरच्या रविवारी. तुम्ही बाजारात गेला होतात तेव्हा."

तिने हातातला खडू फरशीवर ठेवला. मग म्हणाली, "मी पुस्तक ट्रंकेत ठेवलं, तेव्हा तुम्ही जिलबी आणलीत."

तिने ट्रंकेची किल्ली घेतली.

११ डिसेंबर

झुंबर माझ्याशी बोलत नाही. फक्त कोड्यांपुरतं बोलते. परवा मी सवयीने समोर बसलो तर म्हणाली, "समोर नको. शेजारी बसा." तेव्हापासून शेजारी बसतो. आता दोघांनाही एकच चित्र दिसतं. अप-डाऊन तिने पुसून टाकलं. रांगेच्या वर नुसता डावा आणि उजवा पंजा काढते, लहान मुलं काढतात तसा. आज रांगेचं एकही चुकलं नाही.

आई आम्हा दोघांना आळीपाळीने चहा देते आणि कुणालाच काही विचारत नाही. तिला सगळं समजलेलं आहे असं मला वाटतं.

१८ डिसेंबर, रविवार

परीक्षा झाली. मी मुंबईला सोबत गेलो होतो. शाळेच्या फाटकाबाहेर बसलो होतो. आत जाणारी मुलंमुली इंग्रजीत बोलत होती. झुंबर त्यांच्यातून एकटी चालत गेली, पदर खोचून, हातात दोन पेन्सिली. जाताना मागे वळून बघेल म्हणून मी उभा राहिलो होतो, तिने बघितलं नाही.

बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. म्हणाली, "चार रांगा होत्या." मी म्हणालो, "आणि?" म्हणाली, "चारही जोडल्या."

परतताना कसाऱ्यानंतर तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. झोपेत आलं की जागेपणी, ते मी विचारलं नाही. नाशिक रोड येईपर्यंत खांदा हलवला नाही.

२४ मे १९८४

जुन्याच डायरीत लिहितोय, मागच्या कोऱ्या पानांवर. मार्चात तिची मुलाखत झाली होती. आज निवड झाल्याचं कळलं. आईने सगळ्या चाळीत पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं की आमच्या सुनंला डबे जोडायची परीक्षा होती.

मला आनंद झाला. मला फार वाईट वाटलं. वर्गवारी करायला बसलो तर आधी काय झालं तेही लावता येईना. झुंबर पेढा भरवायला आली तेव्हा मी म्हणालो, "दोन वर्षं काय, बघता बघता जातील." ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली, मग पेढा दिला.

१७ जून

रोज तिच्या सामानासाठी काहीतरी आणतो. पत्र्याची पेटी, गादीला पट्टा, कंदील. कंदील बघून ती म्हणाली, "मुंबईत दिवे आहेत." तरी घेतला. महेबूबच्या बायकोने लोणच्याची बरणी दिलीय. सगळे मला म्हणतात, चंदर, तुझ्यासारखा नवरा मिळायला नशीब लागतं. मी त्यांना हसून दाखवतो आणि घरी येऊन पेटीचं बिजागर घट्ट करतो.

२ जुलै १९८४

सकाळी मुंबईची गाडी. आई घरीच थांबली, म्हणाली, मला फलाटावर रडू येतं आणि लोकं बघतात. मी पेटी चढवली, गादी वर टाकली, झुंबरला खिडकीची जागा मिळवून दिली आणि खाली उतरून खिडकीशी उभा राहिलो. म्हणालो, पोचल्यावर आधी जेवून घे. म्हणालो, पेटीचं कुलूप जरा ओढून बघत जा. म्हणालो, पाणी उकळून पी.

ती गजांतून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "जाऊ नको म्हणा."

"काय?"

"एकदा म्हणा. मी जाणारच आहे. पण तुम्ही तेवढं कधी म्हणालाच नाहीत. खडू आणलात, पेटी आणलीत, जिलबी आणलीत. आत जे होतं ते एकदा तोंडाने म्हणा की."

तिच्या शेजारी पेपर वाचणारा माणूस वाचायचा थांबला. चहावाला माझ्या पाठीमागे उभा होता. गार्डाची शिट्टी झाली.

मी म्हणालो, "जाऊ नको, झुंबर." एवढंच म्हणायचं होतं, पण ते सुरू झालं ते थांबेना. "जाऊ नको. मला नाही करमायचं. मला घरात पाऊल टाकवणार नाही." आवाज कसा निघाला कुणास ठाऊक. लोक बघत असतील.

तिने गजांतून हात बाहेर काढला आणि माझा गाल धरला. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती, आपली सगळी कोडी बरोबर होती हे कळलं तेव्हा हसली होती त्याहून जास्त.

"हं," ती म्हणाली. "आता जाते."

मनमाडच्या गाडीला उशीर आहे. पलीकडच्या फलाटावर बाकावर बसून हे लिहितोय. तोंडाने एकदा म्हटल्यापासून तेच येतंय, जाऊ नको, जाऊ नको, आणि तिची गाडी एव्हाना देवळालीच्याही पुढे गेली असेल.